पाड्यावर विचारलेला प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'लव्ह जिहाद' व सक्तीचे धर्मांतर यांविरुद्ध कायदा करण्याच्या दृष्टीने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस छत्तीसगढमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपांखाली अटक झाली. आठवडाभराहून अधिक काळ बंदिवासात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु ग्रामीण ठाणे जिल्ह्यात, विशेषतः शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत, सेवाकार्यासाठी जाणाऱ्या धर्मगुरूंच्या, धर्मभगिनींच्या आणि प्रापंचिक कार्यकर्त्यांच्या बोलण्यात तेव्हापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. पाड्यावर गेल्यावर ख्रिस्ताचे नाव घ्यावे की न घ्यावे?

बहुतेकांनी या प्रश्नाचे उत्तर न बोलताच देऊन टाकले आहे. नाव घेऊ नये, काम करीत राहावे, कोणी विचारलेच तर "आम्ही सेवा करतो" एवढे सांगावे. हे उत्तर शहाणपणाचे वाटते. ते तसे आहे का, हे आपण तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हा प्रदेश नीट पाहिला पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जुन्या ठाणे जिल्ह्याचा मोठा आदिवासी पट्टा तिकडे गेला. शहापूर आणि मुरबाड मात्र ठाण्यातच राहिले. कल्याणच्या पुढे वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही रेल्वेची एक वाट. सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाटाला भिडणारी दुसरी. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि वारली या समाजांचे पाडे या दोन वाटांच्या आडबाजूला विखुरलेले आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. त्याच्या पुलाखालून डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया जातात.

हंडा हा शब्द आम्ही सहज लिहिलेला नाही. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि त्याच्या कितीतरी मोठे भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसेतून जाते. आणि याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या धर्मग्रामांत ज्या कुंडातून बालकांना स्नानसंस्कार दिला जातो, त्या कुंडात हेच पाणी असते. ज्या पाण्याने आपली मुले ख्रिस्ताची झाली, ते ज्यांच्या डोंगरांतून आले, त्यांच्याकडे आपण 'दाते' म्हणून जातो! पाड्यावर पाऊल टाकताना आपण देणेकरी आहोत, याचे भान असलेला माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले असून धर्म प्रकटपणे मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा अर्थातच आहे. 'प्रसार' हा शब्द घटनेत अनवधानाने आलेला नाही. ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, लोकनाथ मिश्र यांच्यासारख्या सदस्यांनी त्याला विरोध केला, आणि कन्हैयालाल मुनशी व टी. टी. कृष्णमाचारी यांनी त्याची बाजू घेतली. शब्द राहिला. पुढे ओरिसाच्या १९६७ च्या आणि मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्यांना आव्हान दिले गेले, तेव्हा रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निकाल दिला. आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपुढे मांडण्याचा हक्क आहे, परंतु दुसऱ्या व्यक्तीचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाविषयी आपल्या वर्तुळात खेदाने बोलले जाते. त्यावर कायदेपंडितांनी टीका केली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. परंतु एका मुद्द्यावर आम्ही वेगळा विचार करतो. दुसऱ्याचे धर्मांतर 'करणे' हे श्रद्धेच्या व्याकरणातही आपले क्रियापद नाही. मन वळविणे हे पवित्र आत्म्याचे काम आणि होकार देणे त्या त्या व्यक्तीचे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दोन दस्तऐवज एकाच दिवशी प्रसृत केले, एक मिशनकार्यावरचा आणि दुसरा धर्मस्वातंत्र्यावरचा. पहिल्याने कोणालाही सक्तीने वा अयोग्य उपायांनी श्रद्धेकडे ओढण्यास स्पष्ट मनाई केली, दुसऱ्याने सदसद्विवेकावर बळजबरी नाकारली. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतही हेच आहे. प्रौढ व्यक्तीला स्नानसंस्कार हवा असेल तर तिने तशी इच्छा स्वतः प्रकट केली पाहिजे, तिला पुरेसे शिक्षण मिळाले पाहिजे आणि तिचे ख्रिस्ती जीवन पारखले गेले पाहिजे. जत्रेत टिळा लावावा तसा हा संस्कार देता येत नाही. धर्मांतराच्या आरोपाला भिऊन गप्प बसणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांना हे ठाऊक नसते, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते.

आकडेही पाहावेत. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ५८ हजार होती. २०११ मध्ये ती १० लाख ८० हजार झाली. दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, ख्रिस्ती समाज सुमारे २ टक्क्यांनी. एकूण लोकसंख्येतील त्याचे प्रमाण १.०९ वरून ०.९६ टक्क्यावर आले. धर्मांतराची लाट आली आहे असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. जनगणनेत धर्म लपविला जातो, असे यावर उत्तर मिळते. परंतु मोजता न येणाऱ्या गोष्टीवरून लाट सिद्ध होत नाही.

तरीही समोरच्याचा संशय केवळ द्वेषातून येतो, असे मानणे अन्यायाचे होईल. मराठी मनात धर्मांतराची आठवण पोर्तुगीज सत्तेशी जोडलेली आहे; १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तो प्रसंग येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. १८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत तेव्हाच्या अहमदनगर भागात मिशनांनी हजारो जीव वाचविले आणि त्याच काळात तेथे स्नानसंस्कारही मोठ्या संख्येने झाले. त्यांतील किती भुकेपोटी आणि किती श्रद्धेपोटी, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. पण भूक आणि श्रद्धा एकाच दारात उभी राहिली की पुढच्या चार पिढ्यांना त्याचा जाब द्यावा लागतो. म्हणून शहापूर-मुरबाडमध्ये औषध, धान्य, वसतिगृहातील प्रवेश यांपैकी काहीही प्रार्थनेशी जोडले जाऊ नये. दवाखान्याच्या रांगेत प्रार्थना नको. वसतिगृहातील मुलांच्या धर्मशिक्षणाबाबत पालकांची संमती लेखी असावी. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळांत अनुच्छेद २८ नेही पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. हिशेबाच्या वह्या सरपंचांनी किंवा ग्रामसभेने केव्हाही पाहाव्यात अशा असाव्यात.

इथवर आपले बहुतेक वाचक सहमत होतील. मतभेद आता सुरू होईल.

पाड्यावर दर आठवड्याला औषधे घेऊन जाणाऱ्या सिस्टरला एखादी ठाकूर आजी केव्हातरी विचारतेच, "ताई, तू एवढ्या लांबून येतेस, तुझं इथं कोण आहे?" आणि सिस्टर म्हणते, "सेवा म्हणून येते हो, आजी." आजी मान डोलावते. तिचे समाधान झालेले नसते. कारण सेवा करणारे येथे पुष्कळ आहेत. विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर 'भोंगा शाळा' चालविल्या, श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडविले; वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते पाडोपाडी जातात; शासनाच्या आशा कार्यकर्त्या तर दारातच असतात. त्यांपैकी प्रत्येकजण आपण का आलो हे सांगतो. कोणी वर्गलढ्याचे सांगतो, कोणी घटनेचे, कोणी हिंदू समाजाच्या ऐक्याचे. आपण मात्र 'सेवा' या शब्दाआड उभे राहतो. आजीने विचारले होते, कशासाठी? आपण उत्तर दिले, काय.

या मौनातूनच संशय वाढतो. आपण ख्रिस्ती आहोत हे पाड्यावर सर्वांना माहीत असते. गळ्यातील क्रूस दिसतो, रविवारी गाडी कोठे जाते हे दिसते. जे दिसते ते आपण बोलत नाही, तेव्हा बोलण्यासारखे नसलेले काहीतरी मागे असावे, असा अर्थ कोणीही काढील. पोप सहावे पौल यांनी १९७५ च्या आपल्या प्रेरणापत्रात साक्षमय जीवनाला पहिले स्थान दिले, हे आपण नेहमी सांगतो. त्याच पत्रात त्यांनी असेही बजावले आहे की ख्रिस्ताचे नाव कधीच उच्चारले गेले नाही तर ती साक्ष अपुरी राहते. हा दुसरा भाग आपल्या प्रवचनांतून गळाला आहे.

आणि आता थोडे स्पष्ट लिहितो. वसई आणि मुंबई परिसरातील आपल्या समाजाचे मौन निव्वळ भीतीचे नाही. चारशे वर्षे श्रद्धा आपल्याला वाडी आणि दागिन्यांसारखी वारशाने मिळत आली. ती कोणाला समजावून सांगण्याची वेळच आली नाही. आपल्या घरातील पदवीधर तरुणाला कोणी विचारले की येशू तुझा कोण, तर तो गोंधळतो. नोव्हेनाची वेळ आणि सणाचा कार्यक्रम मात्र चटकन सांगतो. याउलट पाड्यावरचा पहिल्या पिढीचा ख्रिस्ती रोज उत्तर देत असतो. भाऊ विचारतो, भगत विचारतो, लग्नात मानपानावेळी गावकी विचारते, वाघदेवाच्या पूजेला वर्गणी देणार की नाही, हे पोरे विचारतात. त्याच्याजवळ धर्मशास्त्र नसते. आजारात काय झाले, दारू कशी सुटली, कोणाला क्षमा केली, हे असते. आपण त्याला शिकवायला जातो. निर्भयपणे आणि शांतपणे कसे बोलावे, हे आपणच त्याच्याकडून शिकायला हवे.

या भागात शिकण्यासारखे आणखी एक उदाहरण आहे आणि ते आपल्या कुंपणाबाहेरचे आहे. शहापूर-मुरबाडच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात, पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, शेवटी काल्याचे कीर्तन. आदिवासी पाड्यांतही तुळशीची माळ घातलेले अनेक आहेत. कसाऱ्याच्या लोकलमध्ये सकाळी टाळ-मृदंग वाजतो. माळकरी माणूस भेटला की माऊली म्हणतो, विचारले की वारीविषयी अर्धा तास बोलतो, नाही ऐकले तर हसून पुढे जातो. त्याला तुम्हांला कशात भरती करायचे नसते, आणि स्वतःला लपवायचेही नसते. आपल्या नव्या करारात ज्या धैर्याचा उल्लेख येतो, त्याच्या जवळ जाणारे हे काहीतरी आहे.

त्या धैर्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांत 'पर्रेसिया' हा ग्रीक शब्द आला आहे. ग्रीक नगरांत सभेपुढे मोकळेपणाने बोलण्याचा जो नागरिकाचा अधिकार, त्याला हा शब्द होता. पेत्र आणि योहान हे अशिक्षित कोळी न्यायसभेपुढे असे बोलले म्हणून सभा चकित झाली. आणि धमक्या मिळाल्यावर त्या पहिल्या समूहाने संकट टळावे अशी प्रार्थना केली नाही. बोलण्याचे धैर्य मिळावे अशी केली. यात आवाज चढविण्याचा भाग कोठेच नाही. उलट पेत्राच्या पहिल्या पत्रात तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा असे सांगताना, ते सौम्यतेने आणि आदराने द्या, अशी जोड आहे. कोणी विचारावे लागते, हे तेथे गृहीत आहे. ध्वनिक्षेपक लावून चमत्काराची जाहिरात करणारे काही स्वतंत्र प्रचारक या तालुक्यांत फिरतात. दुसऱ्याच्या दैवतांची निंदा करून ते जो रोष मागे ठेवतात, तो सर्वांनाच भोगावा लागतो. त्याला धैर्य म्हणता येत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण मराठी ख्रिस्ती माणसाला सांगावे लागू नये, पण त्यातील एका अनोळखी माणसाकडे आपले लक्ष जात नाही. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी टिळकांशी बोलला आणि नवा करार त्यांच्या हाती देऊन उतरून गेला. त्याचे नावही टिळकांना कळले नाही. त्याने नोकरी देऊ केली नाही, टिळकांच्या धर्माला नावे ठेवली नाहीत. टिळकांनी डोंगरावरचे प्रवचन वाचले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत स्नानसंस्कार घेतला. या निर्णयाने त्यांना मिळाले काय? आप्तेष्ट दुरावले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. आणि पुढे याच टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्या प्रवाशाने डब्यात जे केले त्यात आजच्याही कोणत्या कायद्याला आक्षेप घेता येईल?

भाषेचे मात्र पाहिले पाहिजे. तारण, कृपा, पापक्षालन, शुभवर्तमान हे आपले शब्द प्रार्थनामंदिरात शोभतात. कातकऱ्याच्या अंगणात ते परके असतात. म्हणून तेथील शब्द शोधावेत. कातकरी कुटुंब वीटभट्टीच्या मालकाकडून वा मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेते, दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून भट्टीवर जाते आणि पाऊस जवळ येईपर्यंत विटा पाडून ती फेडते. पुष्कळदा ती फिटतच नाही. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच संपली. उचल संपली नाही. संत पौल ख्रिस्ताच्या कार्यासाठी जो 'खंडून सोडविणे' हा अर्थ वापरतो, तो गुलामांच्या बाजारातून आलेला आहे. बागायतदाराला तो टीप लावून समजावावा लागतो. ज्याने तीन हंगाम एकच उचल फेडली आहे, त्याला तो टिपेवाचून कळतो. पण त्याच्यापुढे हा शब्द उच्चारणाऱ्याला त्या कागदावरच्या उचलीबद्दलही बोलावे लागेल, मालकापुढे आणि तहसीलदारापुढे. तेथे गप्प बसून अंगणात ख्रिस्ताची मुक्ती सांगता येणार नाही. आणि ती उचल फेडून देण्याच्या बदल्यात प्रार्थनेला बोलावता तर मुळीच येणार नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूपदावरून विरोध झाला. जानेवारी २०२० मध्ये आजारी असतानाही ते गेले, बोलले. धर्मगुरू आहोत हे त्यांनी लपविले नाही आणि मराठीपणही सोडले नाही. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले किती होते, ते आपण पाहिले. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर जे शक्य झाले, ते पाड्याच्या ओटीवर अशक्य का असावे?

सिस्टरने आजीला काय सांगावे, असे आम्हांस कोणी विचारील. दोन वाक्ये पुरतात. "आजी, येशू माझा देव आहे, त्यानं आजाऱ्यांना हात लावला, म्हणून मी येते. तुम्ही काही मानलंत न मानलंत तरी मी येईनच." दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते पुढच्या आठवड्यात येऊन खरे करून दाखवावे लागते.

मिशन रविवार ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी येतो. त्या दिवशी प्रवचनांत दूरच्या मिशनभूमीचा उल्लेख होतो, वर्गणी गोळा होते. मग दिवाळी आटोपते आणि शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे टेम्पोत भांडी, कोंबड्या आणि मुले घालून भिवंडी, कल्याण आणि वसई परिसरातील भट्ट्यांकडे निघतात. म्हणजे पुढचे सहा महिने ती आपल्याच जुन्या धर्मग्रामांच्या हद्दीत राहतात, काही ठिकाणी चर्चच्या घंटेचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. आपल्या हद्दीत किती भट्ट्या आहेत, त्यांवर शाळेच्या वयाची किती मुले आहेत, जवळच्या शाळेने त्यांना दाखल करून घेतले का, प्यायचे पाणी कोठून आणतात, याची नोंद किती धर्मग्राम परिषदांकडे आहे? यंदा ती करावयाची असेल तर दिवाळीच्या आधी भट्टीमालकांची यादी ग्रामपंचायतीतून घ्यावी लागेल. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने एक भट्टी घ्यावी. तेथे कोणी विचारीलच, तुम्ही कोण, कशाला आलात.